जुन्या झेनमध्ये नवा स्टीरिओ : पैसे सेटवर नव्हे, तारांवर घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडिलांची २००२ सालची मारुती झेन मुलुंडला सोसायटीच्या आवारात उभी आहे. इंजिन ठणठणीत आहे, पण जुना कॅसेटचा टेप बंद पडलाय आणि वडिलांची एक कॅसेट आतच अडकून बसलीय. तुम्हाला ब्लूटूथवाला नवा सेट बसवायचाय. दुकानदार म्हणाला, “जुन्या तारा कापून अर्ध्या तासात जोडून देतो.” हे त्याच्याकडून करून घ्यावं की स्वतः करावं, असं तुम्ही विचारताय.

स्वतः करा. जमत नसेल तर समोर उभं राहून करून घ्या. पण अर्ध्या तासात होऊ देऊ नका, आणि तारा तर कापूच देऊ नका.

मी सत्तावीस वर्षं मुंबईत गाड्यांचं वायरिंग करतोय. काम शिकलो ते पद्मिनी टॅक्सींवर. त्या गाडीच्या डॅशबोर्डला टेपसाठी खाचच नसायची, पट्टी ठोकून सेट खाली लटकवायचा आणि मागच्या फळीवर दोन मोठे स्पीकर ठेवायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तिने शिकवलेलं मी अजून वापरतो. जुन्या गाडीत नवा सेट लावणं हे दहा टक्के काम. उरलेलं नव्वद टक्के म्हणजे आधीच्या लोकांनी आत काय करून ठेवलंय ते शोधणं आणि निस्तरणं.

सेटचं आधी उरकून घेतो, कारण त्यात बोलण्यासारखं कमी आहे. तुमच्या गाडीतली खाच सिंगल डिनची, म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हे माप मुळात जर्मन मानकाचं, आणि जगभरच्या गाड्यांनी ते उचललं म्हणूनच आज कुठल्याही कंपनीचा सेट तुमच्या गाडीत बसतो. मोठ्या स्क्रीनचा डबल डिन सेट १०० मिलिमीटर उंच असतो. त्याच्यासाठी कुणी डॅशबोर्डला करवत लावतो म्हणाला, तर नको म्हणा. कापलेला डॅशबोर्ड परत जोडता येत नाही, आणि झेनचा चांगला डॅशबोर्ड मिळवायचा तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून उचकून काढावा लागतो. सीडी नसलेला, फक्त यूएसबी-ब्लूटूथचा सेट घ्या. तो खोलीला कमी असतो, त्यामुळे मागे तारांना जागा उरते. त्या जागेची किंमत सेट आत ढकलताना कळेल.

चोर बाजारात जपानहून आलेले वापरलेले सेट मिळतात. दिसायला देखणे, आवाजालाही चांगले असतात. पण जपानचा एफएम पट्टा पूर्वी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच होता. आपल्याकडे रेडिओ सिटी ९१.१ वर, मिर्ची ९८.३ वर आणि आकाशवाणीचं रेनबो १०७.१ वर लागतं. म्हणजे सेट उत्तम चालेल, आणि तुमच्या रोजच्या स्टेशनांपैकी एकही लागणार नाही. घेण्याआधी काटा १०८ पर्यंत जातो का ते दुकानातच बघा.

खोक्यावरच्या “५० वॅट गुणिले ४” वरही फार जाऊ नका. सेटच्या मागचा फ्यूज बघा. तो बहुधा १० अँपिअरचा असतो. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तर सेट सलग १४४ वॅटपेक्षा जास्त ओढूच शकत नाही, आणि त्यातले निम्मे तर उष्णतेत जातात. राहिले सत्तर-ऐंशी वॅट, चार स्पीकरांत वाटलेले. एकेकाच्या वाट्याला वीसच्या आसपास. झेनसारख्या छोट्या गाडीला ते भरपूर होतात. म्हणून जास्त वॅट लिहिलेल्या सेटसाठी जास्त पैसे देऊ नका. ते पैसे घेऊन लॅमिंग्टन रोडला जा आणि चांगली तांब्याची तार, थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी), थिंबल दाबायचा क्रिंपिंगचा पाना आणि व्होल्ट, ओहम मोजणारा साधा मल्टिमीटर आणा. याच पैशांवर गाडी पुढची दहा वर्षं नीट चालणार आहे.

आता खरं काम. चावी काढा. बॅटरीच्या मायनसची तार १० नंबरच्या पान्याने सोडवा. आधी मायनस, मगच प्लस. उलट केलंत आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर हातात ठिणगी येते. मग टेपच्या भोवतीचं पॅनेल काढा. वीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं, म्हणून लोखंडी पेचकस घालू नका. प्लॅस्टिकची पट्टी घ्या, किंवा पेचकसाला कापड गुंडाळा. पॅनेल कुठे अडलंय असं वाटलं तर थांबून टॉर्च मारून बघा. लपलेला स्क्रू असतोच.

सेट बाहेर आला की लगेच काही सोडवू नका. आधी मोबाइलवर चार फोटो काढा.

मागे जे दिसेल त्याने घाबरू नका. वीस वर्षांत त्या गाडीत दोन-तीन सेट बसून गेलेले असतात आणि कंपनीचा मूळ कपलर, म्हणजे तारा एकत्र जोडणारा प्लग, कधीच कापला गेलेला असतो. नुसत्या पिळून जोडलेल्या तारा आणि त्यावर काळी टेप. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. जूनपासून दमट, खारी हवा त्या तांब्याला हिरवं करते. हिरवं तांबं वीज नीट वाहू देत नाही, जोड तापतो. असल्या जोडांवर नवा सेट लावला तर तो महिनाभर छान वाजेल आणि मग खड्ड्यात एक चॅनल बंद, दुसऱ्या खड्ड्यात चालू, असा खेळ सुरू होईल. लोक सेटला दोष देतात. दोष जोडाचा असतो.

एक गोष्ट खास आपल्या मुंबईची. तुमची गाडी २६ जुलै २००५ ला कुठे होती ते घरी विचारा. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सीटपर्यंत पाणी चढलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, सीटही बदलतात, पण गालिच्याखालून जाणाऱ्या तारा तशाच राहतात. गालिचा उचलून बघा. मातीची वाळकी रेघ आणि हिरवे कपलर दिसले, तर मागच्या स्पीकरच्या तारा सरळ नव्या ओढा. त्या जुन्या तारा वाचवण्यात वेळ घालवू नका.

आता प्रत्येक तार कोणती ते मल्टिमीटरने ठरवा, रंगावरून ठरवू नका. नव्या सेटच्या बाजूला रंग बहुतेक ठरलेले असतात : पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची लाइन, लाल म्हणजे चावीची लाइन, काळी अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची मायनस), निळी अँटेनाची किंवा अॅम्प्लिफायरची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली तार मायनस. गाडीच्या बाजूला मात्र मारुतीचे रंग वेगळे, आणि वर मधल्या कारागिराने हाताला लागली ती तार जोडलेली. म्हणून सगळी टोकं एकमेकांपासून आणि बॉडीपासून लांब ठेवून बॅटरी परत जोडा आणि तपासा. चावी नसताना १२.६ च्या आसपास दाखवते ती कायमची. चावी एका घरात फिरवल्यावर जिवंत होते ती स्विच लाइन. पार्किंग लाइट लावल्यावरच येते ती दिव्याची. एकेकीला कागदी चिठ्ठी लावा आणि बॅटरी पुन्हा सोडवा.

पिवळी आणि लाल या दोघींना कायमच्या लाइनवर जोडायची सवय अनेकांना असते, कारण चावी नसतानाही सेट वाजतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तुमच्याकडे बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल. सेट चालू राहून अर्धा अँपिअर जरी खात बसला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर नुसता कण्हतो. उलट, पिवळी आणि लाल अदलाबदल झाल्या तर प्रत्येक वेळी चावी बंद केली की स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जातं. ही तक्रार घेऊन महिन्यातून एक गाडी तरी माझ्याकडे येते. दोन मिनिटांचं काम असतं.

स्पीकरच्या तारांवर जरा जास्त वेळ द्या, सेट जळतो तो इथेच. जुन्या काळी तार वाचवायला स्पीकरचा मायनस जवळच्या पत्र्यालाच टेकवत. त्या काळच्या टेपला ते चालायचं. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर वीज असते आणि मायनस बॉडीला लागला की आवाज वाढवणारी आतली चिप (आयसी) जळते. म्हणून मीटर बीपवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक बॉडीला, दुसरं प्रत्येक स्पीकरच्या तारेला. कुठेही बीप वाजता कामा नये. वाजला, तर त्या स्पीकरपर्यंत दोन नव्या तारा न्या. मग जोडीच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा तार. प्लस कोणता हे कळत नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. पडदा बाहेर उडाला तर सेलचा प्लस ज्या तारेला आहे ती प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज येतो, पण त्यातला भरीवपणा जातो. तबल्याचा डग्गा ऐका, लगेच कळेल.

आता ज्यासाठी मी एवढं लिहितोय ते. गाडीच्या बाजूला एक कायमचा आयएसओ कपलर (ठरलेल्या मापाचा प्लग) बसवा. हे दोन चौकोनी ठोकळे असतात, एक विजेचा, एक स्पीकरचा. विजेच्या ठोकळ्यात चौथी पिन कायमच्या लाइनची, सातवी चावीची, आठवी अर्थची. काही युरोपीय गाड्यांत चौथी-सातवी उलट असते, म्हणून दुसऱ्या गाडीतून काढलेला कपलर पिना न तपासता लावू नका. गाडीच्या हिरव्या पडलेल्या तारा लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. हो, कापू नका म्हणालो होतो, पण सडलेला तुकडा काढणं आणि चांगला कपलर तोडणं यात फरक आहे. मूळ कपलर शाबूत सापडला तर त्याला हात लावू नका, त्याला बसणारा जोड-कपलर घ्या. प्रत्येक जोड थिंबलने दाबा, ओढून बघा, वर हीट श्रिंक चढवा. जोडावर डाग, म्हणजे सोल्डर, द्यायचा मोह होईल. डागामुळे तार कडक होते आणि गाडीच्या हादऱ्याने डागाच्या कडेला तुटते. डाग द्यायचाच असेल तर त्यावर लांब हीट श्रिंक घालून तार क्लिपने बांधून टाका. एकदा हा कपलर बसला की पुढे पाच सेट बदलले तरी गाडीच्या तारेला कुणाला हात लावावा लागणार नाही.

अर्थ म्हणजे कुठलाही स्क्रू नव्हे. डॅशच्या मागे बॉडीचा जाड पत्रा शोधा, रंग खरवडून चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून तारेच्या टोकाची गोल कडी (लग) कसा, वर थोडं ग्रीस फासा. मग सेट मोठ्या आवाजात लावून काळी तार आणि बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत हवेत. एक्सलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून जो बारीक सूं आवाज वर चढतो, तो बहुतेक वेळा खराब अर्थचा असतो. लोक त्यासाठी फिल्टर विकत घेतात. आधी पत्रा खरवडून बघा.

फ्यूजवर माझं मत अगदी कठोर आहे, आणि त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैत एक मारुती एस्टीम माझ्याकडे ओढून आणली होती. हाजी अलीच्या सिग्नलला डॅशमधून धूर निघाला, कुटुंब भर पावसात बाहेर उभं. एका दुकानाने अॅम्प्लिफायरसाठी बॅटरीवरून जाड तार आणली होती. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) भोकातून नेताना भोकाच्या धारेपासून वाचवणारी रबरी कडी (ग्रोमेट) घातली नव्हती आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. पत्र्याची धार हादऱ्यांनी दोन वर्षं तार घासत राहिली. मागच्या सीटवर एक लहान मुलगी होती. तिच्या अंगावरचा रेनकोट अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज नसेल, तर मी त्या गाडीला सेट जोडत नाही. तुम्ही अॅम्प्लिफायर लावणार नसलात तरी पिवळ्या तारेतला सेटचा फ्यूज काढून तिथे तारेचा तुकडा घालणाऱ्याला थांबवा. फ्यूज उडतोय तर कारण शोधा. मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही.

दारातले स्पीकर बदलणार असाल तर विकत घेण्याआधी काच पूर्ण खाली करून खोली मोजा. मॅग्नेट काचेला अडला तर सगळं परत काढावं लागतं. आणि दाराच्या पॅनेलमागे जो प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो फाडून फेकू नका. पाऊस काचेवरून दाराच्या आत उतरतोच, तो खालच्या भोकांतून बाहेर जावा म्हणून तो कागद असतो. घाईत काम करणारे तो फाडतात आणि पावसाळ्यात गालिचा का भिजतो हे कुणालाच कळत नाही. कागद परत चिकटवा, दाराच्या खालची भोकं काडीने मोकळी करा, आणि स्पीकरच्या वर प्लॅस्टिकची छोटी पागोळी लावा.

अँटेनाकडे कुणी बघत नाही. ब्लूटूथवर गाणी ऐकणार म्हणून तुम्हीही बघणार नाही, पण पावसात लोकल आणि रस्ते बंद पडतात तेव्हा रेडिओच कामाला येतो. एफएमला साधारण ७५ सेंटिमीटरची काडी लागते, म्हणून ती पूर्ण बाहेर काढा. काडीचं टोक आणि प्लगची मधली पिन यांत मीटर बीप द्यायला हवा, पिन आणि बाहेरचं कवच यांत देता कामा नये. दिला तर मुळाशी पाणी गेलंय.

सगळं जोडल्यावर सेट आत ढकलण्याआधी वाजवून बघा. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून चारही कोपरे एकेक करून ऐका. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइट चालवून बघा. सेट ज्या पत्र्याच्या चौकटीत सरकतो ती डॅशमध्ये बसवताना तिची पानं आतून वाकवा, नाहीतर सेट हातात येतो. मागच्या तारांना फोमची पट्टी गुंडाळा, म्हणजे खडखड होणार नाही. ब्लूटूथचा माइक वेगळा असेल तर तो ड्रायव्हरच्या डोक्याजवळ सनशेडला लावा, एसीच्या झोतात नको. शेवटी चावी काढून, दारं बंद करून, बॅटरीच्या मायनसची तार सोडवा आणि ती तार व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या खाचेतून. काही मिनिटांनी संपूर्ण गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवी. मीटर मध्ये असताना गाडी चालू करू नका, मीटर जळेल.

तुमच्या झेनमध्ये एअरबॅग नसावी. तरी हे वाचून कुणी दुसरी गाडी उघडली तर सांगून ठेवतो : पिवळ्या आवरणातल्या तारांचा जुडगा दिसला तर त्याला मीटरही लावू नका.

आता वडिलांची कॅसेट. बटण जोरात दाबून किंवा चिमट्याने ओढून ती निघणार नाही, फीत तुटेल. जुन्या टेपमधला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झालेला असतो, म्हणून यंत्र अर्ध्यावर अडकतं. टेप टेबलावर घ्या, वरचं झाकण बारीक स्क्रू काढून उघडा, आणि मोटरच्या बाजूचं छोटं चाक बोटाने हळूहळू फिरवा. कॅसेट उचलली जाईल. फीत रोलरला गुंडाळलेली असेल तर घाई न करता बोटाने उलटी सोडवा, कुठे चुणी पडली तर नखाने सपाट करा. मग सहा कोनांची पेन्सिल कॅसेटच्या चाकात घाला आणि फीत ताणली जाईपर्यंत फिरवा. ती वाजवायला चालू डेक सापडला नाही तर कॅसेट घेऊन माझ्याकडे या. गिरगावातल्या कपाटात मी एक अजून चालू ठेवलाय.